माळावरचा संसार

नाशिकची शेती म्हटली की वाचकांच्या डोळ्यांपुढे द्राक्षांचे मांडव उभे राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी या बाजूने ती कीर्ती कष्टाने मिळविलेली आहे. परंतु हाच जिल्हा पश्चिमेस जेथे सह्याद्रीला पाठ टेकतो, तेथे त्याचे रूप अगदी निराळे होते. नाशिक शहरात वर्षाकाठी सरासरीने सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पंचेचाळीस किलोमीटरांवरील इगतपुरीस तो तीन हजारांच्या घरात जातो. काळ्या खडकावर वीतभर तांबडा मुरूम, त्यावर चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने पाण्याच्या थेंबासाठी वणवण, अशी या मुलुखाची तऱ्हा आहे. अशा जमिनीस आमच्याकडे वरकस म्हणतात. या शब्दातच तिची पायरी सांगितलेली आहे: भाताची खाचरे ती खरी जमीन, आणि वर उरेल तो माळ.

आमच्या घराण्याकडे हा वरचा माळच तेवढा राहिला, यास इतिहास आहे. सासरच्या पूर्वजांची खालच्या अंगाला भाताची चांगली खाचरे होती व ती कुळे कशीत असत. १९४८ चा कूळकायदा आला आणि पुढे १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा तो मालक ठरला. खाचरे ज्यांच्या हातांनी पिकत होती त्यांची झाली. ते योग्यच झाले असे माझे मत आहे. घरातील वडील मंडळी मात्र त्या तारखेचा उल्लेख अद्यापि सुतकासारखा करतात. आजेसासरे डोंगरउतारावर स्वतः गवत राखीत आणि थोडी नागली करीत, म्हणून तेवढा बावीस एकरांचा माळ आमच्या नावावर राहिला. कोणासच तो फारसा नको होता, हेही एक कारण असावे.

मामंजींच्या पश्चात हा माळ काही वर्षे खंडाने दिलेला होता. खंडकरी ट्रॅक्टर आणून उताराच्या दिशेने वरून खाली नांगरून घेई, कारण आडवे नांगरण्यास वेळ अधिक लागतो. पहिल्या दोन पावसांतच ओढ्याला रक्तासारखे तांबडे पाणी येई. ते पाणी म्हणजे पाणी नव्हे, आमचा माळच वैतरणेच्या धरणाकडे चालला आहे, ही गोष्ट प्रथम बोलून दाखविली ती यजमानांनी. बोटभर माती तयार व्हावयास निसर्गाला शतके लागतात. एका आषाढात ती वाहून जाते. मुदत संपल्यावर खंड पुन्हा द्यावयाचा नाही, असे त्या वर्षी ठरले. मग करावयाचे काय, हे मात्र कोणीच ठरविले नव्हते.

प्रथम दोन वर्षे आम्ही जवळजवळ काहीच केले नाही. वाचकांस हे हास्यास्पद वाटेल. गावातही तसेच वाटले. मार्गशीर्षात माळाच्या चहूबाजूंनी गवत कापून जाळरेषा काढली, वणवा आत येऊ दिला नाही आणि मोकाट चराई बंद केली. कोणाचे गवत तोडू नये म्हणून, ज्यांची गुरे पूर्वी तेथे चरत त्यांस आश्विनात विळ्याने कापून भारे नेण्याची मोकळीक दिली. मोबदला असा की जाळरेषेच्या कामाला प्रत्येक घरचा एक माणूस यावा. ही कल्पना आमची नव्हे. नाशिकजवळ रामशेज किल्ल्याच्या बाजूस बोरगड आहे. २००८ साली तो महाराष्ट्रातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरांचा तो टापू. ग्रामस्थ, वनखाते आणि नाशिकचे पक्षिमित्र यांनी मिळून तेथे चराई व कुऱ्हाड आवरली आणि उजाड डोंगर पुन्हा झाकला. आम्ही तो पाहून आलो होतो.

बंदी घातली की सगळे आपोआप हिरवे होते, असा एक भाबडा समज सुशिक्षितांत आहे. तसे होत नाही. पहिल्या वर्षी सर्वत्र कुसळी माजली, आणि बांधांच्या कडेने घाणेरीची झुडपे कमरेइतकी झाली. कुसळीची कुसळे गुरांच्या तोंडात रुततात, ती कोणी आवडीने खात नाही. पाड्यावरील एक वृद्ध बाई आमच्याकडे कामास येतात. अक्षरओळख नाही, परंतु या माळाविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते पुस्तकात सापडणे कठीण. मी निराश होऊन गवताकडे पाहत असता त्या म्हणाल्या, "ताई, कुसळ हाये तवर जमीन उपाशी हाये. तिला खाऊ द्या पोटभर, मग पवन्या येईल." त्यांचे बोलणे वनस्पतिशास्त्राशी अगदी जुळते. खचलेल्या जमिनीवर प्रथम कुसळीसारखी गवते येतात, माती धरते, आणि मग त्यांना हटवून डोंगरी, मारवेल, पवन्या अशी कसदार गवते पुढे येतात. चौथ्या पावसाळ्यात ओढ्याच्या काठी पवन्या दिसला. घाणेरी मात्र हाताने उपटावी लागली व अजूनही लागते. ते कंटाळवाणे काम आहे आणि त्यात काव्य काही नाही.

गवत झाल्यावर गुरे आली. आम्ही डांगी गाई घेतल्या. ही जात या डोंगरांचीच. डांग, नाशिकचा पश्चिम भाग, अकोले हे तिचे माहेर. तिच्या कातडीस एक प्रकारचा तेलकटपणा असतो, त्यामुळे मुसळधार पावसातही ती निर्धास्त उभी राहते. खूर काळे, टणक, चिखलाला न भिणारे. दूध मात्र थोडे. शहरातील आप्तेष्ट "लिटर किती?" असा पहिला प्रश्न करतात व उत्तर ऐकून आमच्याकडे कीवेने पाहतात. त्यांस मी सांगते की ही गाय आम्ही दुधापेक्षा शेणासाठी आणि चालण्यासाठी ठेवली आहे. माळाचे सात पट्टे केले आहेत. एका पट्ट्यात गुरे थोडे दिवस राहतात, गवताचा वरचा शेंडा खातात, शेण-मूत टाकतात, खुरांनी बी मातीत दाबतात, आणि मुळे पुन्हा सावरेपर्यंत त्या पट्ट्याकडे फिरकत नाहीत. गवत बुडापासून ओरबाडले की त्याची मुळेही आखडतात. शेंडा खाल्ला आणि विसावा दिला तर ती खोल जातात व पावसाचे पाणी खाली घेऊन जातात. या पद्धतीला हल्ली पुनरुज्जीवनाची शेती असे भारदस्त नाव मिळाले आहे. जुन्या कुरणराखणीची ती थोरली बहीणच म्हणावयाची.

शेणावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ताज्या शेणाचा पोहो उचलून पाहिला तर खाली लहानमोठे शेणकिडे बिळे पाडून शेण मातीत नेत असलेले दिसतात. आम्ही मजूर लावून जे काम वर्षभर करू शकणार नाही, ते हे किडे एका पावसाळ्यात फुकट करतात. परंतु गुरांना जंतांसाठी जी औषधे देतात, त्यांपैकी आयव्हरमेक्टिनसारख्यांचा अंश शेणात उतरतो आणि या किड्यांच्या अळ्यांना तो मारक होतो. म्हणून आम्ही सरसकट औषध पाजत नाही. शेण तपासून, गरज असेल त्याच गाईला देतो व ते दिवस तिला गोठ्यातच ठेवतो.

औषधांची दुसरी कथा याहून दुःखद आहे. त्र्यंबकच्या आसपासच्या कड्यांवर, अंजनेरीवर, लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. मामंजींच्या लहानपणी मेलेल्या बैलाभोवती त्यांची पंगत बसलेली असे, आणि घटकाभरात हाडे तेवढी उरत. पुढे ती पंगत उठली. गुरांना वेदनाशमनासाठी दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने हे घडले, असे २००४ साली उजेडात आले. औषध टोचलेले जनावर मेले व गिधाडाने ते खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. भारतात या जातीची शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली आणि २०२३ साली ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांवरही. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना निर्धोक आहे. गोठ्यात गाय आजारी पडली की आमच्या घरातील लहान मुलेसुद्धा पशुवैद्यांस विचारतात, "डॉक्टरकाका, मेलॉक्सिकॅमच ना?" हरसूलजवळ खोरीपाडा येथे वनखाते व ग्रामस्थ यांनी गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याची जागा राखली आहे, तिला लोकांनी गमतीने गिधाडांचे उपाहारगृह असे नाव दिले आहे. ज्यांस मुलांना सहलीस न्यावयाचे आहे त्यांनी दूर उभे राहून कड्यावर घिरट्या घालणारी ही पाखरे अवश्य दाखवावीत.

आता पिकांकडे वळते. वरकस जमिनीचा जुना क्रम असा: पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, आणि मग काही वर्षे जमीन पडीक. आम्ही तोच क्रम नऊ एकरांत ठेवला आहे. दरवर्षी तीन एकर नागली येते व दहा-बारा क्विंटल दाणा घरात पडतो. पड म्हणजे आमच्याकडे गुरांचा पट्टा. जुन्या रीतीत एक गोष्ट मात्र आम्हांस बदलावीशी वाटली, ती राब भाजण्याची. रोपांचा वाफा करावयाचा त्या जागी ऐन, कुडा अशा झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा व शेण पसरून वैशाखात पेटवितात. राखेने रोपास बळ येते आणि तणाचे बी मरते. शेतकरी अडाणी म्हणून राब भाजतो, असे मी कधीही म्हणणार नाही. खुरपणीचे निम्मे कष्ट तो एका दिवसात वाचवितो. परंतु त्यासाठी दरसाल झाडे छाटून त्यांचे नुसते सोट उभे राहतात, आणि घरटी जातात ती वेगळीच. आम्ही मे महिन्यात वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून बसवितो. उन्हाने माती तापते व तणाचे बी खालच्या खाली भाजून निघते. मग त्यात कुजलेले खत. निसर्गाच्या कामासाठी प्लास्टिक वापरावे लागते याची मनाला थोडी बोचणी आहे. तोच कागद चार-चार वर्षे जपून वापरतो, एवढेच समाधान.

कुजलेल्या खताचे शास्त्र आपल्याच देशात घडले, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत होते. तेथे त्यांनी कचरा, शेण, गोठ्यातील मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर लावून, ठराविक दिवसांनी उलथून, उत्तम खत करण्याची जी रीत बसविली ती पुढे इंदूर पद्धती म्हणून जगभर गेली. तिच्यावरील १९३१ च्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. विलायतेतील सेंद्रिय शेतीचे भक्त हॉवर्डांचा उठता-बसता जप करतात. वाडांचे नाव मी आमच्या लोकांच्या तोंडूनही ऐकले नाही.

खाली ओढ्याकाठी अर्धा एकर भात आहे, त्यात सगुणा तंत्र वापरतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी ते रूढ केले. चिखलणी नाही, लावणी नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर साच्याने भोके पाडून बी टोकावयाचे, आणि कापणीनंतर मुळे तशीच जमिनीत कुजू द्यावयाची. दिवसभर चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायकांच्या कंबरांचा ज्याला विचार सुचला, त्याला माझा नमस्कार. मात्र तण मारण्यासाठी त्यात औषध फवारण्याची जी शिफारस आहे ती आम्ही पाळत नाही, हाताने काढतो. अर्धा एकर आहे म्हणून हे परवडते. दहा एकर असते तर काय केले असते, याविषयी मी छातीठोकपणे काही सांगणार नाही.

खुरासणीचे शेत फुलले की आमच्या घरची मंडळी नाशिकहून मुद्दाम येतात. सारा उतार पिवळा होतो. या पिकाला मधमाशी नसेल तर दाणा नीट भरत नाही, कारण एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाला मिळावे लागतात. म्हणून बांधावर करवंदीची जाळी, उंबर, जांभूळ, कुडा राखले आहेत; त्यांच्या आधाराने माश्या वर्षभर टिकतात. त्याच जाळ्यांत तित्तिर, ससे, मुंगूस राहतात. उंदरांसाठी धामण आहे आणि रात्री घुबड आहे. साळिंदर व रानडुकरे हिस्सा घेतात; कंद लावणे आम्ही त्यांच्यापायी सोडून दिले. खडकाळ माथ्यावर आम्ही काहीच करीत नाही. तेथे श्रावणात खर्चुडीच्या जातीची कंदीलासारखी फुले येतात. शेजारच्या अंजनेरीवर या जातीतील एक वनस्पती २००६ साली शास्त्राला नवीन म्हणून नोंदली गेली आणि तिला त्या डोंगराचेच नाव मिळाले. आमच्या माथ्यावरची फुले ती नव्हेत, साधीच आहेत. परंतु तेवढ्यावरून आमचे भावजी त्या अर्ध्या एकराला थट्टेने "संशोधन केंद्र" म्हणतात.

येथवर वाचून कोणास वाटेल की आमचे सारे गोडीगुलाबीत चालले आहे. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात बिबट्याने चंद्रीचे वासरू नेले. गोठ्याचा कूड एका बाजूने कमी उंचीचा होता, तेथून तो आत शिरला. वनरक्षक आले, पंचनामा झाला, रीतसर भरपाईही मिळाली. परंतु चंद्री चार दिवस हंबरत होती. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पिंजरा लावायला सांग आणि नेऊ दे त्याला कुठेतरी लांब जंगलात. उद्या पोरांवर आला म्हणजे?" त्यांचे भय खोटे नव्हते. या जिल्ह्यात आणि शेजारच्या जुन्नरच्या बाजूस बिबट्यांनी माणसे मारली आहेत, लहान मुलेसुद्धा. ज्यांच्या घरचे मूल गेले त्यांच्यापुढे वन्यजीवप्रेमाचे व्याख्यान झोडणे हा मी निर्दयपणा समजते. माणसावर हल्ला करणारे जनावर धरलेच पाहिजे. पण आमचा बिबट्या तसा नव्हता. विद्या अत्रेय यांनी अकोल्याच्या शेतीभागात केलेला बिबट्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या त्या मुलुखात दर शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच प्रौढ बिबटे, आणि जवळपास तितकेच तरस, लोकांच्या नकळत राहत असल्याचे त्यात दिसले. त्यांचे मुख्य भक्ष्य होते कुत्री. जुन्नरकडे एकेकाळी बिबटे धरून दूर नेऊन सोडले, तेव्हा माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, हेही त्यांनीच दाखविले. एक हलविला की त्याची जागा दुसरा घेतो, आणि हलविलेला अनोळखी मुलुखात बिथरतो.

मी हे सारे जाऊबाईंना वाचून दाखविले. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरे, मग छप्पर तरी नीट घाल." तेच खरे शास्त्र होय. गोठ्याला चहूबाजूंनी जाळी व वर पत्रे घातले, कुत्रा रात्री आत बांधतो, अंधार पडल्यावर मुलांना एकटे अंगणाबाहेर जाऊ देत नाही, उष्टेखरकटे उघड्यावर टाकत नाही. त्यानंतर ओढ्याच्या ओल्या वाळूत पंजा उमटलेला तीन वेळा दिसला. गोठ्याकडे मात्र तो आला नाही.

बिबट्यापेक्षा कठीण प्रसंग दिवाळीत आला. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून मुंबईकडचा शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबई जवळ आली, आणि डोंगरात बंगले बांधू इच्छिणाऱ्यांची पावले आमच्या माळाकडे वळली. एका गृहस्थांनी सबंध बावीस एकरांसाठी जी रक्कम सांगितली ती ऐकून मधल्या घरात काही वेळ कोणी बोलेना. चार भावांचे कुटुंब. थोरल्या भावजींच्या धाकट्या मुलाला परदेशी शिकावयास जावयाचे होते, भाचीचे लग्न ठरत होते. शेती पोटापुरते देते, दोन गडीमाणसांची घरे चालविते, नागली, खुरासणीचे तेल आणि तूप विकून थोडे शिल्लक राहते; त्या शिलकेतून परदेशी विद्यापीठाची फी निघत नाही. हे आकडे पुतण्याने वहीत लिहून सर्वांपुढे ठेवले, काही झाकले नाही. मी स्वतः विकण्याच्या विरुद्ध होते, आणि तरीही ज्यांना पैशाची गरज आहे त्यांना लोभी म्हणणे मला पटले नाही. चार रात्री चर्चा झाली. एकदा आवाजही चढले. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत; त्यांनी एवढेच विचारले, "पाणी कुठून येते ओढ्याला?" वरच्या माळातून, असे कोणी तरी म्हणाले. "मग वरचे विकू नका," असे म्हणून त्या जप करावयास गेल्या.

अखेर रस्त्याकडेचे, सपाट, ओढ्यापासून दूरचे अडीच एकर विकण्याचे ठरले, आणि त्यातून मुलाच्या शिक्षणाची सोय झाली. त्या बाजूने करवंदीचे कुंपण दाट करावे लागेल. बंगल्याचे दिवे रात्रभर जळणार असतील तर घुबडाचे काय, हा प्रश्न पुतण्याच्या डोक्यात आहे व तो घेणाऱ्या गृहस्थांशी बोलणार आहे. उरलेल्या साडेएकोणीस एकरांचे चार भावांनी तुकडे करू नयेत, जमीन एकत्र ठेवून उत्पन्न वाटावे, असा कागद वकिलांकडे तयार होत आहे. तो होईपर्यंत वैशाख येईल, आणि वाफे तापवावयाचे दिवस सुरू होतील.